कमानीऐवजी: आमच्या बॅचच्या नीतिशिक्षण निधीची हकिगत

आंतरवासिता करत असताना, १९९९ सालच्या पावसाळ्यात, सिझेरियनसाठी टेबलावर घेतलेल्या एका बाईचा अंगठा मी स्वतः शाईच्या पॅडवर टेकवून संमतीपत्रावर उठवला होता. कागद इंग्रजीत छापलेला होता आणि शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती. कळा चालू असल्यामुळे तिचा हात थरथरला, ठसा फरकटला, म्हणून मी तो दुसऱ्यांदा घेतला. तिला काय होणार आहे, कशासाठी होणार आहे, हे मी सांगितले नाही. ते सांगणे माझे काम आहे असे मला तोवर कोणी शिकवलेही नव्हते. पुढे भूलतज्ज्ञ झाल्यावर हजारो संमतीपत्रे हाताखालून गेली, पण तो फरकटलेला जांभळा ठसा मनातून गेला नाही. आमच्या बॅचने महाविद्यालयातील नीतिशिक्षणासाठी निधी उभा केला, त्यात मी चार वर्षे का घातली, याचे खरे कारण तो ठसा आहे.

आम्ही १९९४ सालच्या प्रवेशाचे. शासकीय महाविद्यालय, १०० जागा. योगायोग असा की मानवी अवयव प्रत्यारोपणाचा आणि गर्भलिंगनिदानाला आळा घालण्याचा, हे दोन्ही केंद्रीय कायदे त्याच वर्षी संसदेने संमत केले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध तर महाराष्ट्राने त्याआधी, १९८८ मध्येच, देशात सर्वप्रथम कायदा केला होता. वैद्यकीय नीती हा विषय आमच्या आजूबाजूला धगधगत होता. आम्ही मात्र तो दुसऱ्या एमबीबीएसला न्यायवैद्यकशास्त्राच्या तीन-चार तासांत शिकलो आणि परीक्षेत ‘व्यावसायिक गैरवर्तन’ या विषयावर टीप लिहून मोकळे झालो. टीप पाठ असली की गुण मिळत. रुग्णासमोर बसून बोलायचे कसे, नकार ऐकायचा कसा, वरिष्ठांनी चुकीचे सांगितले तर काय करायचे, यांपैकी काहीही कोणी शिकवले नाही, आणि ते शिकवता येते हेही आम्हाला माहीत नव्हते.

डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या प्रवेशाला पंचवीस वर्षे झाली म्हणून स्नेहमेळावा झाला. प्रत्येक बॅच रौप्यमहोत्सवाला महाविद्यालयाला काही तरी देते: कोणी पाण्याचे कूलर, कोणी व्याख्यानगृहाच्या खुर्च्या, कोणी बागेतला पुतळा. आमच्या बॅचने वसतिगृहाच्या रस्त्यावर कमान उभारायचे टाळ्यांच्या गजरात ठरवले. तीत बॅचचे नाव आणि दिवंगत वर्गमित्रांची नावे असलेली संगमरवरी पाटी बसवायची होती. आर्किटेक्टने आराखडाही पाठवला. मग मार्च २०२० उजाडला आणि कमानीचा विषय मागे पडला.

एप्रिल २०२१ मधल्या एका रात्री मी काम करत होते त्या रुग्णालयात व्हेंटिलेटर एक होता आणि त्याची गरज असलेले रुग्ण तीन. निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला, मी आणि एक तरुण फिजिशियन. तो मला सारखा विचारत होता, ‘‘मॅडम, याचा काही नियम आहे का?’’ नियम मला सांगता आला नाही. पहाटे बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी एवढेच लिहिले की, आपण कमान बांधू नये, या मुलांना अशा रात्रीसाठी तयार करणारे काही तरी करावे. त्या दिवशी गटावर उत्तरे देण्याइतका वेळ कोणालाच नव्हता, पण दहा-बारा जणांनी पुढच्या आठवडाभरात स्वतंत्रपणे फोन केले. प्रत्येकाकडे स्वतःची अशी एक रात्र होती.

नीतिशिक्षणाला पैसे कशाला लागतात, हा पहिला आक्षेप होता आणि तो रास्त होता. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१८ साली वृत्ती, नीती आणि संवाद यांचा एक पाठ्यक्रम तयार केला आणि २०१९ पासून पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्यांना तो लागू झाला. विद्यार्थी त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एटकॉम’ म्हणतात. त्यात २७ प्रकरणे आहेत. पहिल्याच वर्षी ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ हे प्रकरण येते. मग अभ्यासक्रमात सगळे असताना आपण काय देणार? मी महाविद्यालयात जाऊन दोन तास मागे बसले, तेव्हा उत्तर मिळाले. १५० विद्यार्थी, एक व्याख्यानगृह, एक थकलेली सहयोगी प्राध्यापिका आणि पडद्यावर इंग्रजी स्लाइड. लहान गटांत चर्चा करा असे पुस्तिका सांगते, पण गटांसाठी शिक्षक नाहीत. भूमिका करून दाखवा असे सांगते, तेव्हा विद्यार्थीच रुग्ण होतो, विद्यार्थीच डॉक्टर, आणि मागच्या बाकांवर हशा पिकतो. तिथे कमी होती ती माणसांची, म्हणजेच त्यांच्या मानधनाची, प्रवासखर्चाची आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची.

दुसरा मतभेद अधिक खोल होता. आमच्यापैकी काहींना वाटत होते की मुलांवर संस्कार कमी पडतात, तेव्हा वर्षातून दोनदा एखाद्या अधिकारी व्यक्तीचे प्रवचन ठेवावे, खर्चही फार नाही. हे म्हणणारे माझे मित्र मनाने चांगले आहेत आणि त्यांच्या दवाखान्यात गरिबाला पैसे मागितले जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही मी त्यांना ठाम विरोध केला. मी १९९९ साली तो अंगठा घेतला, तेव्हा माझ्यावरचे संस्कार काही कमी नव्हते. घरी रोज हरिपाठ होत असे. मला येत नव्हते ते एक काम होते. त्या बाईच्या शेजारी दोन मिनिटे बसून तिच्या भाषेत शस्त्रक्रिया समजावून सांगणे हे कौशल्य आहे, आणि शिरेत सुई घालण्याचे कौशल्य जसे हाताने करून येते, तसेच हेही करूनच येते. सुई घालायला आपण प्रवचनातून शिकत नाही. शेवटी मतदान घ्यावे लागले आणि निधी सरावासाठी वापरायचा हे ठरले.

यानंतर कागदपत्रांचा जो काळ सुरू झाला, तो अशा कामात पडू इच्छिणाऱ्या इतर बॅचना उपयोगी पडेल म्हणून थोडा तपशीलवार सांगते. पैसे थेट महाविद्यालयाला दिले तर ते सरकारी खात्यात जातात आणि ठरलेल्या कामासाठी वेळेवर बाहेर येतील याची खात्री देणारा कोणी भेटत नाही. म्हणून निधी माजी विद्यार्थी संघटनेकडे ठेवून महाविद्यालयाशी सामंजस्य करार करायचा असे ठरले. आमची संघटना नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे, पण धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट-१ चा, म्हणजे न्यासाच्या अधिकृत नोंदीचा, उतारा काढला तेव्हा त्यावर जुन्याच विश्वस्तांची नावे निघाली. त्यांतले दोघे हयात नव्हते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, आणि तो मागच्या दोन कार्यकारिणींनी दिलाच नव्हता. बँक नव्या सह्या घ्यायला तयार नव्हती. ते अर्ज, उशिराची माफी, मृत्यूचे दाखले आणि सभांची जुनी इतिवृत्ते गोळा करण्यात चौदा महिने गेले. या कामाची कोणी छायाचित्रे काढत नाही, पण आमच्या खजिनदाराने आपला दवाखाना बुधवारी बंद ठेवून ते केले, आणि निधीतले त्याचे सर्वांत मोठे योगदान मी हेच मानते.

देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट देणाऱ्या ८०-जी सवलतीची नोंदणी २०२१ नंतर सर्वच न्यासांना नव्याने करावी लागली, ती आम्हीही केली. दोन हजारांच्या वर रोख देणगीला ही सवलत मिळत नाही आणि देणगीदाराला ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून सगळे पैसे बँकेमार्फतच घेतले. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट नसते हे कळल्यावर दोघातिघांनी हात आखडता घेतला. बहुतेकांनी मात्र विचारलेही नाही. मुद्दल कायम ठेवायचे असल्याने प्रत्येकाकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी आहे’ असे लेखी घेतले, कारण तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती देणगी त्या वर्षीचे साधे उत्पन्न धरली जाते आणि त्यातली ८५ टक्के रक्कम खर्च करण्याचे बंधन येते.

परदेशातील वर्गमित्रांचा प्रश्न मात्र मनाला लागला. आमचे तेरा जण अमेरिका आणि इंग्लंडमध्ये आहेत, आणि त्यांतल्या अकरांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे. दुबईत राहणारी, भारतीय पासपोर्ट असलेली मैत्रीण स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकत होती, कारण भारतीय नागरिकाने असे दिलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओळखपत्र, असले तरी परदेशी नागरिकाचे पैसे मात्र परकीय योगदानच ठरतात. त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते, संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. आमच्या संघटनेने तेवढा खर्च कधीच केला नव्हता. अमेरिकेतल्या एका मित्राने सुचवले, ‘‘मी बाबांच्या खात्यात पैसे टाकतो, ते पुण्यातून देतील. कोण विचारणार आहे?’’ खजिनदाराने गटावर सर्वांसमोर उत्तर लिहिले: ‘‘आपण कशासाठी निधी जमवतोय ते एकदा वाच.’’ त्या मित्राला वाईट वाटले, त्याने चार दिवस काही लिहिले नाही. आणि नंतर त्यानेच बाकीच्या दहा जणांना समजावले. त्या अकरा जणांनी पैशांऐवजी वेळ दिला. दुःखद बातमी कशी सांगावी, याचे प्रशिक्षण घेतलेल्या एका कर्करोगतज्ज्ञ मैत्रिणीने आमच्या शिक्षकांचे सहा वर्ग दूरस्थ पद्धतीने घेतले, तिच्याकडची पहाट आणि आपली संध्याकाळ जुळवून.

आता ज्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त झोप येऊ दिली नाही, त्याकडे येते. पैसे कोणाचे घ्यायचे?

एका औषध कंपनीकडून ‘शैक्षणिक साहाय्य’ म्हणून पाच लाख रुपये देऊ करण्यात आले होते. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेऊ नये असे आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्येच घातले गेले आहे, आणि अशा भेटींवर कंपनीने केलेला खर्च करवजावटीस पात्र नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. संघटनेला दिलेली देणगी याच्यात बसते की नाही यावर वाद घालता आला असता. आम्ही तो घातला नाही, आभार मानून नकार कळवला. तो निर्णय दहा मिनिटांत झाला.

अवघड होते ते आमच्यातल्याच एकाचे. त्याचे मोठे निदान केंद्र आहे आणि रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना तो कट, म्हणजे कमिशन, देतो, हे शहरात सगळ्यांना माहीत आहे. त्याने तीन लाख देऊ केले. हाच तो माणूस, ज्याने २०२१ मध्ये आमच्या कित्येकांच्या आईवडिलांचे स्कॅन रात्री दोन वाजता, एक पैसा न घेता केले. काहींनी गटावर न लिहिता मला खासगीत कळवले की त्याचे पैसे येणार असतील तर आमचे येणार नाहीत. मी त्याला भेटायला गेले आणि जेवढे सरळ सांगता येईल तेवढे सरळ सांगितले. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘अगं, मी पाकीट देतो म्हणून माझा पैसा वाईट. ते घेणारे आपल्या बॅचमध्ये किती आहेत ते मी सांगू का? त्यांचे चेक तू घेतलेसच ना?’’

मला उत्तर देता आले नाही, कारण उत्तर नव्हते. २००२ च्या आचारसंहितेत कमिशन देणे आणि घेणे ही दोन्ही गैरवर्तने आहेत. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करून घेतला, तेव्हा आमच्याच गटावर त्याचे स्वागत झाले होते, आणि स्वागत करणाऱ्यांमध्ये त्याच्याकडून पाकिटे घेणारेही होते. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या निधी समितीसमोर त्याचे वाक्य जसेच्या तसे ठेवले. तीन बैठका झाल्या. एकट्यालाच वगळणे म्हणजे आपल्या सोयीचा न्याय ठरेल, यावर आम्ही आलो. नियम सर्वांना सारखे केले: कोणीही ५० हजारांपेक्षा जास्त द्यायचे नाही, पैसे वैयक्तिक खात्यातूनच यावेत, रुग्णालयाच्या, केंद्राच्या वा कंपनीच्या नव्हेत, नावे वर्णानुक्रमाने, रकमेशिवाय छापायची, आणि देणगीदाराला काय शिकवावे, कोणी शिकवावे यात काहीही बोलण्याचा अधिकार नसेल. त्याने ५० हजार दिले. हा मार्ग बरोबर होता असे मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. दोघांनी याच कारणावरून आपला सहभाग काढून घेतला, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनातला आदर कमी झालेला नाही.

अखेरीस ६३ जणांकडून १८ लाख ७२ हजार रुपये जमले. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या मुदतठेवीवर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे व्याज मिळते, तेवढेच खर्च करायचे. दरम्यान महाविद्यालयाचे तीन अधिष्ठाता बदलले आणि कराराचा मसुदा तीनदा पहिल्या ओळीपासून समजावून सांगावा लागला. तिसऱ्या अधिष्ठात्यांनी मात्र तो वाचून एकच शब्द बदलला: ‘विद्यार्थ्यांना प्रशिक्षण’ याच्या जागी त्यांनी ‘विद्यार्थी व शिक्षकांना प्रशिक्षण’ असे केले. त्यांची ती दुरुस्ती फार मोलाची ठरली.

पहिले सत्र जानेवारी २०२४ मध्ये झाले, विषय संमती. आम्ही राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या गावातल्या हौशी संस्थेतून पाच कलाकार निवडले होते आणि त्यांच्यासोबत चार रविवार बसून रुग्णांच्या भूमिका बांधल्या होत्या. पंधरा-पंधरांचे दहा गट केले. सुरुवातीला प्राध्यापिकांनी समीरा कोहली खटल्याचा निकाल सांगितला: निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करायची म्हणून भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, तिच्या आईची परवानगी घेऊन, ती बेशुद्ध असतानाच काढले गेले; आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितले की सज्ञान, सक्षम रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेल्या प्रसंगाचाच त्याला अपवाद. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘पण आईने तर हो म्हटलं होतं ना?’’ यावर वर्गात जो वाद झाला, तसा वाद आमच्या काळात मी कधी ऐकला नव्हता.

मी चौथ्या गटात भिंतीला टेकून बसले होते. गर्भाशयात गाठ असलेल्या शेतकरी बाईची भूमिका करणारी कलाकार पन्नाशीची होती. तिने घरचे नऊवारी नेसले होते आणि पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात पैसे बांधले होते. समोर विशीतली मुलगी, नवा कोरा एप्रन, हातात संमतीपत्र. ते आम्ही मराठीत लिहून छापून घेतले होते. मुलीने पाठ केल्यासारखे सगळे सांगितले, धोकेही सांगितले, आणि पेन पुढे केले. बाईने पेन घेतले नाही. तिने पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि विचारले, ‘‘पिशवी काढली म्हंजी मला परत कामावर कधी जाता येईल?’’ मुलगी गोंधळली. हा प्रश्न तिच्या कागदावर नव्हता. तिने प्राध्यापिकांकडे पाहिले, त्या काही बोलल्या नाहीत. मग तिने पेन खिशाला लावले, उभी होती ती स्टूल ओढून बाईच्या उंचीला बसली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तुम्ही काय काम करता ते आधी मला सांगा.’’

त्या गटाचे सत्र ठरलेल्या वेळेत संपले नाही. पुढच्या गटाला वीस मिनिटे बाहेर थांबावे लागले, दुपारचे एक सत्र संध्याकाळी घ्यावे लागले आणि कलाकारांना एका सत्राचे जादा मानधन द्यावे लागले. जानेवारीच्या हिशेबात ती नोंद वेगळ्या ओळीत केलेली आहे.